आधी विहीर, मग घर : बीडच्या वस्त्यांचा उलटलेला क्रम

बीड शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. हिजरी ९९१, म्हणजे इसवी सन १५८३ च्या सुमाराची. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधविली आणि राजा भास्कर नावाच्या स्थपतीने तिची रचना केली, असे परंपरा सांगते. सरकारी खजिना या कामात रिता झाला म्हणून हे नाव पडले, ही आख्यायिका बीडमध्ये अजून ऐकू येते. जमिनीखालच्या बोगद्यांतून विहिरीत पाणी येते आणि दुसऱ्या बोगद्यातून उताराच्या बळावर ते शेतांकडे वाहत जाते. मोट नाही, रहाट नाही.

इतिहासप्रेमी या विहिरीचे कौतुक अभियांत्रिकीसाठी करतात आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या वस्त्यांमध्ये बांधकामाचा एक क्रम होता. आधी पाणी, मग वेस, मग पार, आणि या सर्वांच्या आधाराने घरे. सामाईक जागा ही घरे बांधून उरलेली जागा नव्हती. घरे तिच्या भोवती बसत. हा धागा त्या क्रमाविषयी, तो उलटला कसा याविषयी आणि त्याची किंमत आज बीड जिल्हा कशी मोजतो आहे याविषयी आहे.

बीडमधलेच दुसरे उदाहरण कंकालेश्वराचे. चौरस जलाशयाच्या मधोमध उभे असलेले हे प्राचीन मंदिर. कुंड आणि देवालय यांपैकी एक वगळले तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. तीच दृष्टी पुढे मलिक अंबरच्या खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने नहर आणली आणि तिचे पाणी शहरभर सार्वजनिक हौदांतून खेळविले. मोहल्ला कुठे वसावा याचे उत्तर तिथे पुष्कळ अंशी हौदाने दिले आहे.

आता पाण्याकडून घराकडे येऊ.

बीडच्या जुन्या भागातून फिरताना कोतवाली वेस आणि राजुरी वेस ही नावे अजून पत्त्यांत येतात. तटबंदीचा बराचसा भाग गेला, वेशींची नावे राहिली. वेस म्हणजे केवळ दरवाजा नव्हे. तिच्या कमानीखाली सावली असते, बाहेरगावचा माणूस तिथे टेकतो, दवंडी तिथे पिटली जाते. वेशीतून आत गेले की गल्ली, गल्लीतून वाड्याची देवडी, देवडीतून चौक, चौकाच्या कडेने ओसरी, ओसरीमागे माजघर. परक्याला देवडीपर्यंत, ओळखीच्याला ओसरीपर्यंत, आप्ताला माजघरापर्यंत. रस्त्याचा सार्वजनिकपणा एका झटक्यात संपून घराचा खासगीपणा सुरू होत नाही; तो पायरी-पायरीने उतरत जातो. नगररचनाकार ज्याला हल्ली खासगी आणि सार्वजनिक यांच्यामधला अवकाश म्हणतात, त्याला आपल्याकडे ओटा, कट्टा, ओसरी, देवडी असे चार वेगवेगळे शब्द होते. शब्द चार होते, कारण वापर चार होते.

आणि मग माळवद. मराठवाड्यातल्या दगडमातीच्या घराचे सपाट, मातीने शाकारलेले छत. उन्हाळ्याच्या रात्री सारे घर माळवदावर निजायला जाई. शेजारशेजारची माळवदे बहुधा सलग, मध्ये फार तर कमरेइतकी भिंत. वर धान्य वाळे, पापड-कुरडया वाळत, आणि एका घरचा निरोप गल्लीत न उतरता चौथ्या घरी पोहोचे. खाली गल्ली पुरुषांची असली तर वर माळवद बायकांचे, असेही म्हणता येईल. बीडच्या उन्हाळ्यात ज्याने माळवदावर रात्र काढली आहे, त्याला सामाईक जागा म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

इथवर वाचून कोणाला जुन्या गावाचा मोह पडला असेल, तर पुढचा भाग त्याच्यासाठी आहे.

याच वेशीचा राखणदार, म्हणजे येसकर, महार समाजाचा असे. रात्री वेस लावणे आणि पहाटे उघडणे हे त्याचे काम. गावाचे रक्षण त्याच्याकडे, परंतु त्याचे घर गावकुसाबाहेर. ज्या दरवाजावर त्याने आयुष्य काढले, त्या दरवाजाच्या आत त्याला राहता येत नसे. पाराची, विहिरीची, देवळाची गोष्ट हीच. ज्याला ‘सामाईक’ म्हटले जाई, त्याची व्याख्याच मुळात अपुरी होती. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते तळे नगरपालिकेचे होते आणि तिने ते सर्वांना खुले असल्याचा ठराव त्यापूर्वीच केला होता. ठराव असूनही पाण्याला हात लावता येत नव्हता. सार्वजनिक जागेचा प्रश्न हा केवळ आखणीचा नाही, प्रवेशाचा आहे, हे मराठी माणसाला महाडइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही घटनेने शिकविलेले नाही. जुन्या गावाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत येसकर दिसत नाही, म्हणून ते लेख अपुरे ठरतात.

पाणवठ्याचेही तसेच. पाणवठा ही बायकांची हक्काची भेटण्याची जागा होती हे खरे. आणि डोक्यावर हंडे वाहून त्यांच्या माना मोडत होत्या हेही तितकेच खरे. नळ घरात आला ही सुटका होती. चूक नळ येण्यात झाली नाही. पाणवठा गेल्यावर त्या भेटीसाठी दुसरी जागा कोणी आखलीच नाही, चूक ती.

मराठवाड्यात हा क्रम एका पहाटे अक्षरशः कोसळला. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे दोन जिल्हे मुख्यतः उद्ध्वस्त झाले. दोन्ही बीडला लागून असलेले. हजारो माणसे गेली, आणि ती बहुतांशी स्वतःच्याच घरांखाली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढून जड झालेली माळवदे. ज्या छताने उन्हाळे सुसह्य केले, तेच छत त्या पहाटे अंगावर आले.

त्यानंतर जे घडले ते नगररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला गेला. ५२ गावे जुन्या जागेवरून हलवून नव्या जागी वसविण्यात आली. खेडी होती, परंतु आराखडा शहरी वसाहतीचा होता: काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, सारख्या आकाराचे भूखंड, प्रत्येक भूखंडाच्या मधोमध सुटे घर. नवी गावे जुन्यांपेक्षा कित्येक पट पसरली. घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि अत्यल्प भूधारकांना २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदारांना ७५० चौरस फूट.

या आखणीमागची भीती समजण्यासारखी होती. अरुंद गल्लीत ढिगाऱ्याखाली माणसे अडकली होती. कोणाला पुन्हा अरुंद गल्ली हवी होती? परंतु भूकंपाने गुन्हेगार ठरविले होते ते बांधणीला, मांडणीला नव्हे. मातीतल्या भिंती आणि जड छत यांनी माणसे मारली. ओसरीने, पाराने, चौकाने कोणाला मारले नव्हते. शासनाने भिंती बदलल्या हे उत्तम केले. त्याबरोबर मांडणीही फेकून दिली. घर भूखंडाच्या मध्ये गेले आणि ओटा रस्त्यापासून तुटला. रुंद रस्त्यांना सावली नव्हती. लोकांनी पुढे काय केले? पत्र्याच्या पडव्या काढल्या, दारापुढे कट्टे घातले, जनावरांसाठी आडोसे उभारले. अधिकाऱ्यांना ते अतिक्रमण वाटले असेल. वस्तुतः लोक आपली हरवलेली ओसरी स्वतःच्या खर्चाने परत बांधत होते.

जमिनीवरून घराचा आकार ठरविण्याचा परिणामही विसरता कामा नये. सारख्या आकाराची घरे जिथे एकत्र आखली जातात, तिथे भूमिहीन एका बाजूला आणि बागायतदार दुसऱ्या बाजूला आपोआप जातात. आणि मराठवाड्यात भूमिहीन कोण होते, हे सांगायला नको. गावकूस नव्हते, तरी गावकुसाबाहेरचा भाग नकाशावर पुन्हा उमटू शकत होता.

किल्लारीनंतरचा हा आराखडा शोकांतिकेतून आला होता. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई या शहरांच्या कडेने आज जे उभे राहते आहे, त्याला तशी सबब नाही.

तिथे शेत एनए होते आणि त्याचे प्लॉट पडतात. त्यातही दोन प्रकार. एक, रीतसर मंजूर लेआउट. दुसरा, गुंठेवारी: मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जमीन. महाराष्ट्राने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि पुढे २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना सामावून घेतले. गरिबाच्या डोक्यावरचे छत वैध झाले, हे योग्यच. परंतु गुंठेवारीत मोकळी जागा सोडलेलीच नसते, आणि जी जागा नाही ती कोणत्याही शुल्काने नियमित होत नाही. अशा वस्तीत मूल खेळते ते रस्त्यावर आणि लग्नाचा मांडव पडतो तोही रस्त्यावर.

मंजूर लेआउटमध्ये जागा असते. तिला सर्वजण ‘ओपन स्पेस’ म्हणतात. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार साधारणतः ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती कुठे सोडली जाते, हे एकदा नकाशे उघडून पाहावे. ओढ्याच्या काठाला, विजेच्या तारांखाली, प्लॉट न बसणाऱ्या तिरक्या कोपऱ्यात. तिच्याकडे एकाही घराचे दार नसते; असतात त्या मागच्या भिंती. जिच्याकडे कोणाचे दार नाही, तिच्याकडे कोणाचे लक्षही नसते. काही वर्षांत तिथे काटेरी बाभळी वाढतात, कचरा साचतो, किंवा कोणीतरी कुंपण घालून मोकळे होते. मग ‘लोकांना सार्वजनिक जागेची कदरच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष सोयीचा आहे, खरा नाही.

पाण्याचे पाहा. नव्या वस्तीत प्रत्येक कुंपणाआड एक बोअर. भिंती वेगळ्या, खालचा पाझर एकच. सामाईक विहिरीत पाणी किती उरले हे जाता-येता सगळ्यांना दिसे. चैत्रात तळ दिसू लागला की उपशावर आपोआप चर्चा होई, भांडणेही होत. बोअरचे पाणी कोणालाच दिसत नाही. एके दिवशी मोटार नुसती हवा ओढते, तेव्हा कळते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि मराठवाडाभर टँकर फिरले, तेव्हा असे असंख्य बोअर कोरडे होते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात सामाईक विहीर ही स्मरणरंजनाची वस्तू नाही. भूजलाची ती उघडी, सर्वांना वाचता येणारी नोंदवही होती.

नदीचेही तेच झाले. बिंदुसरा शहराला दोन भागांत विभागून वाहते. जुलै १९८९ मध्ये तिला अचानक पूर आला आणि काठच्या वस्त्यांची मोठी हानी झाली. नदीकाठ हा शहराचा सर्वांत मोठा सामाईक अवकाश असतो आणि पुराच्या वेळी तोच नदीचा स्वतःचा अवकाशही असतो. तिथे घाट, मैदान, बाग ठेवली तर पूर येऊन जातो. तिथे घरे ठेवली तर पूर घरात येतो. मोकळ्या जागेचा हा उपयोग सौंदर्याच्या यादीत बसत नाही, म्हणून तो मंजुरीच्या टेबलावर कोणाला आठवत नाही.

आणि बीडची अशी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या नगररचनाकाराला सुचणार नाही. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून ऊसतोड कामगार लाखांच्या संख्येने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने घराला कुलूप, किंवा घरात म्हातारी आणि शाळेतली नातवंडे. कारखान्याच्या फडावर कोप्या पडतात, ती वस्ती तर निव्वळ निवाऱ्यापुरती. इकडे गावी राहिलेल्या म्हातारीची ओसरी गल्लीवर उघडत असेल, तर सकाळी ती दिसली नाही हे शेजारणीच्या ध्यानात येते. दोन मीटर उंच कुंपणाआड ते कोणाच्याच ध्यानात येत नाही. ज्या जिल्ह्यात अर्धे वर्ष कर्ती माणसे घराबाहेर असतात, तिथे एकमेकांना दिसणारी दारे हा सुरक्षेचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. जुन्या गल्ल्यांत रुग्णवाहिका जात नाही, अग्निशमनाचा बंब जात नाही, हवा खेळत नाही. मग पाडून रुंद करणे हाच मार्ग नव्हे काय?

हा वाद शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. होळकरांच्या इंदूरचा अहवाल १९१८ चा. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. प्लेगच्या भीतीने जुन्या वस्त्यांतून सरळ रस्ते कापण्याची तेव्हा रीत होती. गेडिस पायी फिरत, पडकी आणि रिकामी घरे हेरत आणि फक्त तेवढीच काढून तिथे लहानसा चौक, एखादे झाड, एखादी विहीर ठेवावी असे सुचवीत. कुशल वैद्य जसा रोग तेवढाच कापतो, तसे. खर्च कमी, विस्थापन कमी, आणि हवा तितकीच. इंदूरमध्ये तर त्यांनी दिवाळीची मिरवणूक ज्या मोहल्ल्यांनी आपले रस्ते सर्वाधिक स्वच्छ केले त्यांच्यातून नेण्याची योजना केली. लोकांनी घरे रंगविली, गाड्या भरभरून कचरा बाहेर काढला. मराठी मुलखात आणि मराठी दरबारात हे प्रयोग झाले, पण आपल्या नगरपालिकांच्या स्मरणात राहिला तो बुलडोझर.

गेडिसचा उपाय जुन्या वस्तीसाठी आहे. नव्या वस्तीसाठी उदाहरण महाराष्ट्रातच, नवी मुंबईतल्या बेलापूरला आहे. १९८० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी तिथे आर्टिस्ट व्हिलेज आखले. सुमारे साडेपाच हेक्टर जागेत साधारण ५५० कुटुंबे, इमारती बैठ्या. सात घरांच्या मध्ये साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा एक चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरे, त्यांच्या मध्ये १२ बाय १२ चा चौक. तसे तीन समूह मिळून २० बाय २० चा. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला आपले घर आपल्या ऐपतीने वाढविता येते. गेल्या चाळीस वर्षांत तिथली कित्येक घरे पाडून पुन्हा बांधली गेली, काही ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. चौक मात्र आखलेल्या जागी आहेत.

आता आपल्या नियमाकडे परत या. ४,००० चौरस मीटरचे १० टक्के म्हणजे ४०० चौरस मीटर, म्हणजे २० मीटर बाय २० मीटर. कोरियांनी त्रेसष्ट घरांच्या मध्ये ठेवलेला चौक नेमका एवढाच होता. बीडच्या एका छोट्या लेआउटमध्ये, रस्ते वजा जाता, फार तर वीस-पंचवीस प्लॉट बसतात. जागा कमी आहे ही तक्रार इथे टिकत नाही. नवा कायदा नको, अनुदान नको, बिल्डरची एक इंचही अधिक जमीन नको. तोच चौकोन कोपऱ्यातून उचलून मध्ये ठेवायचा आहे, काही घरांची दारे त्याच्याकडे फिरवायची आहेत, कुंपणे कमरेइतकी ठेवायची आहेत आणि मधोमध एक विहीर किंवा पुनर्भरणाचा खड्डा घ्यायचा आहे, ज्यात सर्व गच्च्यांचे पावसाळी पाणी उतरेल.

अडचण एकच, आणि ती आखणीची नाही. मधल्या चौकाकडे दार असलेला प्लॉट कोणाला विकायचा, हे विकणाऱ्याच्या हाती असते. बीड असो वा परळी, आडनाव विचारून प्लॉट नाकारले जातात हे गुपित नाही. मुसलमानाला एका बाजूला, दलिताला दुसऱ्या बाजूला. चौक कितीही सुंदर आखला तरी त्याच्या भोवतीची वीसही घरे एकाच जातीची असतील, तर ती गल्ली नव्हे, नव्या विटांचे गावकूस होईल. म्हणून मोकळी जागा कागदोपत्री नगरपालिकेच्या नावे व्हायला हवी, सोसायटीच्या खासगी कुलपाआड नव्हे. निदान एका बाजूने ती सार्वजनिक रस्त्याला खुली हवी. म्हाडाची किंवा घरकुल योजनेची घरे शहराबाहेरच्या माळावर एकगठ्ठा न टाकता अशाच चौकांभोवती विखरून बसवायला हवीत. यांपैकी शेवटची अट सर्वांत अवघड आहे आणि तिलाच सर्वाधिक विरोध होईल. महाडच्या नगरपालिकेचा ठरावही सोपाच होता. अवघड होते ते तळ्याची पायरी उतरणे.

पुढच्या वेळी कोणी खजाना विहीर पाहायला गेले, तर परतताना शहराच्या कडेचा एखादा नवा लेआउट जरूर पाहावा. प्रवेशाजवळ बहुधा नकाशाचा फलक असतो. त्यावर हिरव्या रंगाने भरलेला एक तुकडा असतो. तो कुठे आहे, आणि त्याच्याकडे किती दारे उघडतात, एवढे मोजावे.